न्यूयॉर्कचा कापूसभाव आणि वेचणीवालीची मजुरी: हिशेब कसा मांडायचा?

प्रश्न · मानवत_रोड

तालुक्यातल्या बचत गटांचा एकत्र मेळावा आहे. विषय वरून ठरून आलाय: ‘जागतिकीकरण आणि महिला’. दरवेळी वक्ता येतो, टीव्ही-मोबाईल-फॅशन यावर तासभर बोलतो आणि बाया चहा पिऊन घरी जातात. समोर बसणाऱ्या बहुतेक जणींचा ऑक्टोबर ते जानेवारीचा पैसा कापूस वेचणीतून येतो. काही जणी सोयाबीन काढणीला जातात, थोड्या ऊसतोडीला. त्यांच्यापुढे फळ्यावर मांडता येईल असा हिशेब हवा आहे.

तीन गोष्टी विचारतो. बाहेरच्या देशातला भाव वेचणीच्या दरापर्यंत खरंच पोचतो का, आणि कोणत्या वाटेने? बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं) आल्यापासून बायांचं काम वाढलं की घटलं? दोन्ही बाजूंनी ठासून सांगणारे भेटतात. आणि या सगळ्यात गटाच्या पातळीवर करण्यासारखं काय आहे? आकडे ठोकळ चालतील, पण कोरडवाहू मराठवाडा धरूनच द्या.

---

उत्तर · रुई_सरकी

आधी भावाची साखळी मांडा, मजुरीकडे नंतर या.

न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा (बी काढलेल्या कापसाचा) भाव पाउंडाला अमुक सेंट असा बोलला जातो. ७० सेंट धरा. एका किलोत २.२ पाउंड, म्हणजे किलोला १.५४ डॉलर. डॉलर ८६ रुपये धरला तर रुई १३२ रुपये किलो पडते. एक क्विंटल कापूस जिनिंगमधून काढला की ३४ किलोच्या आसपास रुई आणि ६४ किलो सरकी (कापसाचं बी) निघते, बाकीची घट. रुईचे झाले ४,५००. सरकी ३५ रुपये किलोने २,२४०. बेरीज ६,७४०. यातून जिनिंग-प्रेसिंग, गाडीभाडं, दलाली आणि व्यापाऱ्याचा नफा जातो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० आहे. ही फट डोळ्यांसमोर आली की सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रापुढे गाड्यांची रांग का लागते हे वेगळं सांगावं लागत नाही. मे २०२२ मध्ये हाच न्यूयॉर्कचा भाव दीड डॉलरच्या वर होता, तेव्हा आपल्याकडे कापूस दहा हजारांच्या पलीकडे गेला होता. फळ्यावर ७० खोडून १५० लिहा आणि तेच गणित बायांकडूनच करून घ्या.

भर घालायला आयात शुल्क आहेच. परदेशी रुईवरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवलं. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमके वेचणीचे महिने. गिरणीला बाहेरची रुई स्वस्त मिळाली की ती इथल्या रुईच्या गाठींना घाई करत नाही, आणि गाठी पडून राहिल्या की जिनिंगवाला कापूस उचलताना हात आखडतो.

आता मजुरी. इथे बहुतेक भाषणं चुकतात. ‘भाव पडला की वेचणीचा दर पडतो’ असं सांगून मोकळे होतात. तसं होत नाही. वेचणीचा दर मजुरांच्या टंचाईवर ठरतो. हंगामाच्या सुरुवातीला किलोला १० रुपये, शेवटी १५, कुठे त्याहून जास्त. क्विंटलला १,२०० रुपये वेचणी धरली आणि कापूस ७,००० ने गेला तर भावातला सतरा टक्के वाटा एकट्या वेचणीत जातो. शेतकऱ्याला दर कमी करता येत नाही, कारण बाई शेजारच्या शेतात जाईल. मग तो काय करतो? तिसरी वेचणी सोडून देतो. फरदड (हंगाम लांबवून घेतलेलं शेवटचं पीक) न घेता डिसेंबरातच पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून हरभरा टाकतो. पुढच्या वर्षी कापसाचे दोन एकर कमी करून सोयाबीन पेरतो. बाईचा दर तसाच राहतो आणि कामाचे दिवस जातात. पडलेला भाव बायांच्या घरात या वाटेने शिरतो. मेळाव्यात हा एक मुद्दा नीट पोचला तरी पुष्कळ.

दराचा आणखी एक फसवा भाग. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बोंडं भरगच्च फुटलेली असतात, सवयीचा हात दिवसाला ४० ते ५० किलो वेचतो. १० रुपयांनी ४००-५०० रुपये. शेवटच्या वेचणीत झाडावर विरळ, कवडी झालेली (किडकी, डागाळलेली), अर्धवट उघडलेली बोंडं. दिवसाला १५-२० किलो. दर १५ केला तरी २२५ ते ३०० रुपये. ऐकायला दर दीडपट, प्रत्यक्षात रोज निम्म्याच्या जवळ. गटाने बोलणी करायची तर एकच दर मागू नका. पहिल्या दोन वेचण्या किलोवर आणि त्यानंतरची रोजाने, असं ठरवा. किलोवरच द्यायचं असेल तर ‘दिवसाला इतक्याखाली नाही’ अशी किमान रक्कम आधीच बोलून घ्या.

वजनाकडे लक्ष हवं. ताणकाट्यावर गाठोडं अडकवतात तेव्हा कापडाचं वजन म्हणून अर्धा-एक किलो कडता कापतात. रिकामं फडकं एकदा काट्याला लावून दाखवा, किती भरतं ते सगळ्यांना दिसेल. दवाचा कापूस म्हणूनही किलो-दोन किलो कापले जातात. याला थोडा आधार आहे: सीसीआय ८ टक्के ओलावा प्रमाण धरतं, १२ टक्क्यांपर्यंत त्या हिशेबाने रक्कम कापून घेतं आणि १२ च्या वर माल परत पाठवतं. सकाळी दव असताना वेचलेला कापूस या मर्यादेबाहेर सहज जातो. पण दव उतरायच्या आत वेचायला लावायचं आणि मग ओल म्हणून वजनही कापायचं, हे दोन्ही एकाच मालकाने करू नये. दव उतरल्यावर काम सुरू करायचं, संध्याकाळी सावलीत वजन आणि जागेवर चिठ्ठी. वाद जवळजवळ संपतो.

शेवटचं, माल कसा आहे यावर. परदेशी गिऱ्हाईक भारतीय रुईला जी नावं ठेवतं त्यात वरचं नाव काडीकचऱ्याचं: केस, गुटख्याच्या पुड्या, सुतळी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खताच्या पांढऱ्या प्लास्टिक गोणीचा धागा. तो रंग धरत नाही. कापड रंगवल्यावर त्या जागी पांढरा ठिपका राहतो आणि अख्खं थान बाद होतं. म्हणून सुती झोळी, डोक्याला सुती रुमाल, भरायला सुतीच पोतं. कवडी आणि पत्ती असलेला कापूस वेगळ्या झोळीत. हे सगळं वेचणारीने करायचं, वेळ तिचा जातो, आणि स्वच्छ मालाला क्विंटलमागे जे चार पैसे जास्त मिळतात त्यातला रुपया तिच्याकडे येत नाही, कारण तिला पैसे किलोवर आहेत. स्वच्छ वेचणीचा दर वेगळा मागा. मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.

---

उत्तर · काळी_माती

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वाढलं आणि घटलं’ असं आहे, पण वेगवेगळ्या कामात.

बीटीची गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. १९६४ पासून जालन्यात असलेल्या महिको या बियाणं कंपनीत अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८ साली २६ टक्के हिस्सा घेतला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला लागवडीची परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, फवारणी हे बहुतांशी गड्याचं काम. बोंडं जास्त टिकली, म्हणजे वेचणी वाढली, आणि वेचणी हे बाईचं काम. त्या वर्षांपुरता बायांचा रोजगार वाढला हे खरं.

मग शेंदरी बोंडअळीने दोन्ही जनुकं पचवली. २०१७ चा हंगाम आठवणारे इथे पुष्कळ असतील. किडकं बोंड उघडायला बोटाला तेवढाच वेळ लागतो, किंबहुना जास्त, कारण ते नीट फुटत नाही आणि टोकदार पाकळ्या नखात शिरतात. हाती येतं ते कवडी, वजनाने हलकं. किलोवर मजुरी म्हटल्यावर अळीचं अर्धं नुकसान वेचणारीच्या रोजातून वसूल होतं. बियाण्याचं तंत्र कुणाचं, ते निकामी कुणामुळे झालं, यावर वर्षानुवर्षं वाद चालेल. पण झळ कुणाला बसली हे काट्यावर दिसतं.

घटलेलं काम निंदणी-खुरपणीचं. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर मारायची तणनाशकं सर्रास झाली, तिथे एकरी दोन खुरपण्यांच्या जागी एखादी उरली, कुठे तीही नाही. कापसात परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं चोरवाटेने येतं आणि त्यावर ग्लायफोसेट मारतात. जून-जुलै-ऑगस्ट हे तीन महिने खुरपणीवर चालत होते. मजूर बाईच्या घरात हाच काळ सगळ्यात कडकीचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचाही. तो रोजगार गेला आणि त्याची भरपाई कुठेच झाली नाही.

---

उत्तर · तिफण

वरच्या उत्तरातला निंदणीचा भाग एकांगी आहे. दिवसभर उकिडवं बसून, ओल्या चिखलात, पाठ मोडेपर्यंत खुरपायचं आणि २५०-३०० रुपये घ्यायचे, तेव्हा गड्याला ४००-५०० मिळतात. हे काम गेलं म्हणून किती रडायचं? स्वतःच्या दोन एकरांत राबणाऱ्या बाईला तर त्या खुरपणीचे पैसेही मिळत नव्हते. तिच्यासाठी तणनाशक म्हणजे जुलैतले आठ-दहा दिवस सुटणं. मजूर बाई आणि शेतकरी बाई असे दोन हिशेब वेगळे मांडा, नाहीतर मेळाव्यातच भांडण लागेल. अर्धा गट मजूर ठेवणाऱ्या घरातला असतो हे विसरू नका.

एक मात्र सांगायलाच हवं. फवारतो गडी, पण टाकी भरायला पाणी आणून देणं, औषध कालवताना बादली धरणं, नंतर ते कपडे धुणं, हे बाईच करते. हातमोजे एकच जोड असेल तर तो कालवणाऱ्याच्या हातात हवा, कारण त्या वेळी औषध पाण्यात न मिसळलेलं, दाट असतं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आधी वेगळ्या बादलीत पाण्यातून काढून मग साबण. रिकाम्या डब्यात मीठ-पीठ भरण्याची सवय अजून दिसते. डबा भोक पाडून निकामी करा. आणि ग्लायफोसेटबद्दल: ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं आहे. गटाच्या खतदुकानाने ते काउंटरवर ठेवू नये.

---

उत्तर · बॅगभर_सोयाबीन

लातूर-धाराशिव-हिंगोलीच्या बाया असतील तर कापसाइतकाच वेळ सोयाबीनला द्या. इथे क्षेत्र एकरात कमी आणि बॅगेत जास्त मोजतात, एक बॅग म्हणजे ३० किलो बियाणं, साधारण एक एकर.

भावाचं गणित कापसाहून सोपं आहे. १०० किलो सोयाबीनमधून १८ किलोच्या आसपास तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. टीव्हीवर सगळी चर्चा तेलाच्या आयात शुल्काची. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, अधिभार धरून २७.५. तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. कारण पेंड. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेची पेंड जगात स्वस्त होती, आणि इथे इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला. तेलाने १८ किलो वर ओढले, पेंडीने ८० किलो खाली. पुढे ३० मे २०२५ ला मूळ शुल्क परत १० टक्क्यांवर आणलं, अधिभारासह १६.५.

आता बायांचं. सोयाबीनची काढणी गुत्त्यावर (ठोक ठेक्यावर) जाते, बॅगेला साडेचार-पाच हजार, पाऊस आला किंवा रान चिखलाचं झालं की त्याच्या वर. गुत्तं जोडीला किंवा टोळीला मिळतं. पैसे टोळीच्या म्होरक्याकडे येतात आणि बाईचा वाटा घरी ठरतो. रोजाने जाणाऱ्या बाईच्या हातात निदान तिचे रोजचे पैसे पडायचे. ही गोष्ट कुठल्याही सर्व्हेत नीट येत नाही, म्हणून मेळाव्यात थेट विचारा: गुत्त्याचे पैसे कुणाच्या हातात मोजले? हार्वेस्टर फिरला की गुत्तंही जातं आणि सर्वाही. ज्वारी-तुरीच्या रानात काढणीनंतर सर्वा वेचून विधवा, म्हाताऱ्या बाया पायली-दोन पायली धान्य जमवायच्या. हार्वेस्टरमागे सांडलेलं सोयाबीन वेचलं तरी ते खायचं नाही, विकायचंच.

आणि घर. खरिपाची ज्वारी गेली म्हणजे नुसती भाकरी विकतची झाली असं नाही. कडबा गेला. सोयाबीनची पानं काढणीआधीच गळतात, उरतं ते भुसकट, आणि ते कडब्याची जागा घेत नाही. कडबा विकत घ्यावा लागतो म्हणून दावणीची म्हैस जाते. म्हशीच्या दुधा-तुपाचा पैसा हा घरात बाईच्या हातात राहणारा जवळजवळ एकमेव पैसा होता. सोयाबीनचा चेक येतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. ज्वारीचं कणगीतलं धान्य कधी काढायचं, कुणाला द्यायचं, हे बाई ठरवत होती.

उपाय म्हणून एकच, तोही जमिनीवर उतरलेला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात कामाला लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायांसाठी एक एकराची पद्धत बसवली. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर बाईने मागून घ्यायचा, तिथे नगदी पीक नाही, ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या, घरचं खत, घरचं बियाणं. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अडचण येते ती पहिल्याच पायरीवर: घरचे बांधाकडचं, मुरमाड, पाण्यापासून लांबचं रान काढून देतात. मागताना विहिरीजवळचं मागा, कमी मिळालं तरी चालेल.

---

उत्तर · नेटशेड_जालना

जालना-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या बीजोत्पादनाबद्दल कोणी बोललं नाही. बाहेरच्या देशांशी बायांच्या बोटांचा सगळ्यात थेट संबंध इथे आहे. टोमॅटो, मिरची, ढोबळीचं संकरित बियाणं शेडनेटमध्ये तयार होतं, कंपन्या देशी-परदेशी दोन्ही, आणि त्यातलं निर्णायक काम जवळजवळ पूर्णपणे बाया करतात.

टोमॅटोचं सांगतो. मादी ओळीतली कळी उमलायच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिकट पिवळ्या झालेल्या असताना, चिमट्याने परागकोशाची नळी अलगद काढायची. स्त्रीकेसराला धक्का लागला तर फळ धरत नाही, परागकोशाचा तुकडा राहिला तर स्वपरागीभवन होऊन बियाणं नापास. नर ओळीतली फुलं गोळा करून दिव्याच्या उबेला सुकवायची, चाळून पराग डबीत घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्त्रीकेसर पराग घ्यायला तयार असतं तेव्हा टोकाला पराग लावायचा आणि खूण म्हणून फुलाखालची हिरवी दोन निदलं कापायची. काढणीच्या वेळी ही खूण नसलेलं फळ बाद. डोकं वर, हात खांद्याच्या उंचीवर, नेटखाली दमट उकाडा. मान आणि डोळे आधी जातात.

पैसा कुठे अडतो? बियाणं कंपनीकडे गेल्यावर उगवण बघतात, मग थोडं बियाणं लावून जनुकीय शुद्धता तपासतात. करारात शुद्धतेची अट बहुधा ९८ टक्क्यांच्या पुढची असते. निकाल यायला महिने लागतात, आणि नापास झालं की पूर्ण लॉटचा दर कापला जातो किंवा लॉट परत येतो. करार जमीनमालकाच्या नावावर, म्हणून मजूर बाईला निदान पगार ठरलेला असतो. घरच्या बाईचं मात्र सगळंच त्या निकालावर. गटाने शेडनेट घ्यायचं असेल तर कराराची मराठी प्रत मागा आणि तीन ओळी शोधा: शुद्धतेची टक्केवारी, निकाल किती दिवसांत, आणि तपासणी नमुन्याचा सीलबंद जोडनमुना तुमच्याकडे राहतो की नाही. जोडनमुना नसेल तर वाद घालायला हातात काहीच नाही.

---

प्रश्नकर्ता · मानवत_रोड

भरभरून मिळालं. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी, आणि कागदांचं राहिलंच. गटातल्या बहुतेकींवर मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे, सातबारा मात्र एकीच्याही नावावर नाही.

---

उत्तर · काळी_माती

ऊसतोडीचं मूळ एकाच शब्दात आहे: कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून एकत्र, नावावर नवऱ्याच्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर ७३२ रुपये, दोघांत, आणि बाईचे मोळ्या बांधण्याचे, गाडी भरण्याचे, पहाटेच्या स्वयंपाकाचे तास त्यातच. खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून पाळीच्या दिवसांतही काम बंद नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. २०२४ मध्ये हे अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत छापून आलं तेव्हा इथली साखर घेणाऱ्या शीतपेय कंपन्यांना प्रश्न विचारले गेले. म्हणजे गिऱ्हाइकाचा दाबही बाहेरून येतो. निघण्याआधी मागण्यासारखं: उचलीच्या कागदावर बाईचंही नाव, आणि ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र दोघांचं वेगवेगळं.

---

उत्तर · गटाचा_हिशेब

तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आहे. कर्ज बाईच्या नावावर, जमीन गड्याच्या. या कर्ज कंपन्यांत परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यांना बाई हवी असते, कारण ती गटाच्या लाजेखातर हप्ता चुकवत नाही.

व्याज तपासायला शिकवा. ४०,००० चं कर्ज, दोन वर्षं, ‘१२ टक्के सपाट’. व्याज ९,६००, एकूण ४९,६००, महिना २,०६७. सपाट १२ म्हणजे घटत्या शिलकीवर साडेएकवीसच्या पुढे. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापून हातात ३८-३९ हजार आले तर आणखी वर. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सगळा खर्च धरून वार्षिक दर किती ते एका पानावर लिहून द्यावं लागतं, कर्जकार्ड समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे विनातारण कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत. फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहितात ते याचसाठी. सही करण्याआधी तो आकडा वाचून घ्या. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

वसुली ठरलेल्या मध्यवर्ती जागी. दारात यायचं तर बाई तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नसेल तरच. फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करायचा नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८. कापसाचा पैसा नोव्हेंबर-डिसेंबरात येतो आणि हप्ता दर महिन्याचा, म्हणून जून ते सप्टेंबरचे हप्ते दुसरं कर्ज काढून फेडले जातात. घेतानाच हंगामी हप्ता मागा. पुष्कळ ठिकाणी ‘नाही’ म्हणतील, मग निदान पावसाळ्याचे चार हप्ते बाजूला ठेवूनच रक्कम खर्चा.

सातबारा. नवऱ्याच्या जमिनीत हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्तीचा शासननिर्णय १९९२ पासून आहे. नवऱ्याचा संमतीचा अर्ज, सातबारा-आठ अ, दोघांचे आधार, लग्नाचा किंवा रेशनकार्डाचा पुरावा तलाठ्याकडे. फेरफार नोंद, १५ दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. अडतं कुठे? एकत्र कुटुंबाची वाटणी न झालेली जमीन असेल तर भावांची हरकत येते. त्या घरांनी आधी वाटणीचं करावं.

नाव लागल्यावर स्वतःचा शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, राज्यात योजनांसाठी तो आता लागतोच. मग ई-पीक पाहणी, आणि कापूस सीसीआयला घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. पैसे नोंदणी असलेल्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात. हे ॲप २०२५ च्या हंगामापासून आहे. नोंदणी मुदतीत झाली नाही तर पुढे व्यापारी सांगेल तो भाव.

---

प्रश्नकर्ता · मानवत_रोड

नाव लावलं तर पीएम किसानचे सहा हजार दोघांना येतील का? मेळाव्यात हा प्रश्न पहिला येणार.

---

उत्तर · गटाचा_हिशेब

नाही. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबाला एकदाच. दोघांनी अर्ज केला तर एकाचं बंद होतं आणि घेतलेले हप्ते परत मागतात. पीककर्जाचा बोजा असेल तर तो नाव लावल्यावरही सातबाऱ्यावर तसाच राहतो, हेही आधीच सांगा, नंतर कोणी म्हणायला नको की बाईच्या गळ्यात कर्ज घातलं. फेरफाराची नोटीस लागली की त्या पंधरा दिवसांत एकदा चावडीवर जाऊन नावाचं स्पेलिंग बघून या. आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं असलं की ओळख क्रमांक अडकतो.